शस्त्रक्रियागृहातील मोजदाद

एखादी अवघड शस्त्रक्रिया पार पडली की बाहेरच्या बाकावर ताटकळलेले नातेवाईक उठतात आणि दारातून येणाऱ्या शल्यचिकित्सकाचे हात हाती घेतात. ते योग्यच आहे. मात्र त्याच्या थोडे आधी, जखम शिवण्यास आरंभ होण्यापूर्वी, त्याच दारामागे एक परिचारिका रक्ताने माखलेले मॉप एकेक करून उलगडीत आणि मोजीत उभी होती, याची कल्पना त्या नातेवाइकांना नसते. आणि खरे बोलायचे तर आपल्यातील शिकल्यासवरल्या माणसांनाही ती फारशी नसते. परिचारिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती वॉर्डातली: ताप पाहणारी, इंजेक्शन देणारी, रात्री हाकेला धावणारी. शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेला रुग्ण पाहतो तो भुलीने डोळे मिटण्यापूर्वीचे दोन-चार क्षण, आणि त्यातही मास्कच्या वरचे तिचे डोळे तेवढे.

नियमाप्रमाणे एका टेबलाला निदान दोन परिचारिका लागतात. एक कोपरापर्यंत हात धुऊन, निर्जंतुक झगा आणि हातमोजे चढवून ट्रॉलीपाशी उभी राहते. तिला स्क्रब नर्स म्हणतात. दुसरी निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून लागेल ती वस्तू आणते, उघडून देते आणि नोंदी ठेवते. शल्यचिकित्सक नजर न उचलता हात पुढे करतो आणि नेमके हवे ते उपकरण, हवे त्या बाजूने, त्याच्या तळहातावर पडते. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि त्याचे कौतुकही होते. परंतु रुग्णाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे, आणि पाहणाऱ्याला अगदीच कारकुनी वाटावे असे, तिचे काम म्हणजे मोजदाद.

आरंभापूर्वी एकदा, पोटासारखी पोकळी बंद करण्यापूर्वी एकदा आणि त्वचा शिवताना एकदा, अशी ही मोजणी दोघींनी मिळून, मोठ्याने उच्चारून करावयाची असते. सुया, गॉज, मॉप, उपकरणे यांचे आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले जातात. ऐकताना यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. अवघड असे की मॉप रक्त शोषून घेतो आणि पोटातल्या पोटात भोवतालच्या अवयवांसारखाच दिसू लागतो. आतडी बाजूला सारून धरण्यासाठी तीन-चार मॉप मुद्दाम आत खोचलेले असतात. अकस्मात रक्तस्राव सुरू झाला की मागितले जातील तितके मॉप भराभर द्यावे लागतात, आणि वापरलेले बादलीत एकमेकांना चिकटून पडतात. क्ष-किरणांत दिसावा म्हणून मॉपमध्ये एक विशेष धागा विणलेला असतो. पण त्याचा उपयोग संशय आल्यानंतरचा. अशा राहून गेलेल्या कापडाभोवती शरीरात जी गाठ बनते तिला वैद्यकाने कापसाच्या लॅटिन नावावरून 'गॉसिपिबोमा' असे नाव दिले आहे. ज्या गोष्टीला स्वतंत्र नाव द्यावे लागले ती विरळा असली तरी अपूर्वाईची नव्हे, हे उघड आहे.

आपल्याच राज्यातील एक खटला या संदर्भात विसरता येत नाही. १९६३ सालच्या जुलै महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. प्रकृती बिघडत गेली म्हणून पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापड सापडले. ती वाचली नाही. पतीने व मुलांनी केलेला नुकसानभरपाईचा दावा कनिष्ठ न्यायालयात मान्य, उच्च न्यायालयात अमान्य आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात पुन्हा मान्य झाला तो १९९६ साली. पोटात कापड राहिले ही वस्तुस्थितीच निष्काळजीपणा सांगण्यास पुरेशी आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती. तेहतीस वर्षे चाललेल्या या वादाच्या मुळाशी न मोजलेले, अथवा चुकीचे मोजलेले, एक फडके होते.

'मोजणी सक्तीची करा म्हणजे झाले' असा सोपा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबाचे वंशज असलेले अमेरिकी शल्यचिकित्सक अतुल गावंडे आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांची प्रकरणे त्यांनी तपासली. राहिलेल्या वस्तूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश कापडी होत्या. विशेष हे की ज्या प्रकरणांत मोजणी झाल्याची नोंद होती, त्यांतील ८८ टक्के ठिकाणी ती बरोबर भरल्याचे लिहिलेले होते! तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट, तर ऐन वेळी शस्त्रक्रियेचा बेत बदलावा लागल्यास चौपट आढळला. म्हणजे घाई जितकी अधिक तितकी मोजदाद कच्ची, आणि नेमकी तेव्हाच ती पक्की असण्याची गरज. घाईच्या वेळी शांतपणे मोजायचे तर मोजणाऱ्या व्यक्तीला इतरांना थांबविण्याचा अधिकार हवा. माझ्या मते सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो.

'सर, एक मॉप कमी आहे.' एवढेच वाक्य. पण ते उच्चारणारी पंचविशीतली, बहुधा कंत्राटावर नेमलेली मुलगी असते आणि ऐकणारा त्या विभागाचा प्रमुख असतो. पुढचा रुग्ण बाहेर तयार आहे, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत आहे. शोधाशोध झाली आणि मॉप बादलीच्या तळाशी निघाला, तर 'सिस्टर, नीट मोजत जा' हे शब्द तिच्या पदरी पडतात. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी फळ्यावरचा आकडा जुळल्यासारखा होतो. हात थांबवून स्वतः पोटात पुन्हा शोधणारे आणि परिचारिकेचा शब्द प्रमाण मानणारे शल्यचिकित्सक पुष्कळ आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रुग्णाची सुरक्षितता डॉक्टरांच्या स्वभावावर सोडता येत नाही.

या व्यवसायाचा इतिहासही बोलका आहे. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रुळले त्याचे निमित्त एका परिचारिकेचे हात होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी जंतुनाशक द्रावणाने सोलवटू लागली, तेव्हा शल्यचिकित्सक हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. त्यामुळे रुग्णाचाही जंतुसंसर्ग टळतो, हे मागाहून ध्यानात आले. पुढे दोघांचा विवाह झाला, बाईंनी काम सोडले, आणि मोज्यांचे श्रेय हॉलस्टेड यांच्या नावावर जमा झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकोणीस बाबींची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची प्रसृत केली. तिच्या अखेरच्या टप्प्यात रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने सर्वांसमक्ष मोठ्याने सांगावे, असे स्पष्ट म्हटले आहे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. उलट, कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी सूची स्वीकारली, तेथे लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ सालचा अभ्यास सांगतो. सूचीचा कागद एकच असून फळे निराळी का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. कागदावर खुणा करणे आणि प्रत्यक्ष थांबून ऐकणे यांतले अंतर आपल्या कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्या वाचकांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच शेवटच्या रकान्यापर्यंत भरलेला तक्ता कोणाचेही रक्षण करीत नाही.

२२ मार्च २०२० रोजी आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. दरवर्षी १२ मेला परिचारिकांना देवदूत म्हणण्याचाही प्रघात आहे. देवदूताला पगार विचारावा लागत नाही आणि त्याचे म्हणणे ऐकावेही लागत नाही, ही त्या शब्दाची सोय असावी. परिचारिकेची अपेक्षा याहून साधी आहे. आकडा जुळत नाही असे तिने म्हटल्यावर शिवण थांबली पाहिजे, असा लेखी नियम प्रत्येक शस्त्रक्रियागृहात लावलेला असावा. मॉप बादलीत सापडला तरी तिला शब्द ऐकावा लागू नये. आणि तरीही न सापडल्यास तेथेच क्ष-किरण चित्र घेण्याची सोय असावी. भारतीय परिचर्या परिषदेचा शस्त्रक्रियागृह-परिचर्येचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केलेल्या परिचारिकेला बदलीच्या चक्रात वॉर्डात पाठवून तिच्या जागी नवख्या मुलीला उभे करणे हा निव्वळ अपव्यय होय. खासगी छोट्या रुग्णालयांत तर प्रशिक्षण नसलेल्या मुलींना पांढरा पोशाख देऊन ट्रॉलीपाशी उभे करण्याचा प्रकार चालतो. त्याकडे नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने कधी तरी डोळे उघडून पाहावे.

आणि सर्वांत निकडीची बाब रात्रीची. अपघात, अडलेली बाळंतपणे, फुटलेली आंत्रपुच्छे रात्रीच येतात. त्या वेळी एकच परिचारिका ट्रॉलीही सांभाळते, कपाटही उघडते आणि मोजतेही. दोघींनी मोजायचे ते एकटीने मोजले तर ती मोजदाद ठरत नाही. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील रात्रपाळीच्या टेबलापाशी दुसऱ्या परिचारिकेची जागा मंजूर करून ती भरणे, यासाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागू नये.