छायेनें राखलेला तोल

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडास धरणीकंपाची गोष्ट नवी नाहीं. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगर हादरलें आणि सुमारें २०० माणसें प्राणांस मुकलीं. आज कऱ्हाड येथें केंद्र सरकारची भूगर्भ-संशोधनाची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या खोऱ्यांत गोठणे येथें २०१७ सालीं ३ किलोमीटर खोल विवर खणून झालें. पण भूमीचा सूक्ष्म कंप मोजावयाचा, तर उभें कोठें राहावयाचें? मोजणाराहि जमिनीबरोबरच हलतो.

यावर उपाय असा. एक वजन नाजुक कमानीवर टांगावें. जमीन हलली तरी जडत्वामुळें तें मागें राहूं पाहतें. त्यास पातळ पत्रा जोडून तो दिवा व प्रकाशविद्युत्-घट यांच्यामध्यें असा ठेवावा कीं, निम्मा प्रकाश अडावा. वजन केसाच्या शतांश जाडीइतकें सरकलें, तरी घटावरील छाया कमीअधिक होते व विजेचा प्रवाह बदलतो. स्पर्श नाहीं, घर्षण नाहीं, आणि जागा तर कळते!

आतां वजन परत आणावयाचें. त्यास तारेचें वेटोळें जोडून तें लोहचुंबकाच्या पोकळींत ठेवतात. प्रवाह सोडतांच वेटोळें सरळ रेषेंत ढकललें जातें. रेडिओच्या कर्ण्यांतील पडदा याच रीतीनें हलतो. छाया वाढली कीं प्रवाह एका दिशेनें, घटली कीं उलट दिशेनें. मात्र नुसतें अंतर पाहून ढकललें, तर वजन मध्य ओलांडून झोके घेऊं लागतें. म्हणून त्याचा वेगहि पाहून आधींच लगाम ओढावा लागतो. वजन जागीं राखण्यास लागलेला प्रवाह हेंच मग धक्क्याचें माप ठरतें. कित्येक भूकंपमापकांत छायेचें काम विद्युद्भारित पट्ट्या करतात, तत्त्व तेंच.

हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ व्हावयाच्या गुरुत्वतरंग-वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा ४ किलोमीटर लांबीच्या असून, तेथें टांगलेले आरसे स्थिर राखावयाचे आहेत. अमेरिकेंतील तशाच वेधशाळांत आरशांच्या टांगणीस दिवा, घट व वेटोळें यांच्या जोड्या बसविल्या आहेत.

एका ठिकाणीं जमिनीचा कंप ऐकावयाचा, दुसऱ्या ठिकाणीं तो आरशापर्यंत पोंचूं द्यावयाचा नाहीं. हेतू भिन्न, पण रीत एकच: आधीं जागा अचूक जाणावी, मग हलकेच ढकलावें. भूकंपाची वेळ आधीं सांगण्याची विद्या मनुष्यास अद्याप साधलेली नाहीं. ती साधावयाची असेल, तर कोयनाकांठची भूमि काय पुटपुटते, हें प्रथम नीट ऐकलें पाहिजे.