हळदीच्या गाण्यापासून ‘इंडी’पर्यंत: ठाणे-कल्याण-डोंबिवलीतलं नवं संगीत शोधायचं कसं आणि त्यावर लिहायचं कसं?

सकाळच्या गर्दीत कल्याणहून निघालेली लोकल. डब्याच्या एका कोपऱ्यात टाळ वाजतायत, भजन रंगात आलंय. दाराशी लटकलेल्या पोराच्या कानात मात्र इअरफोन आहेत आणि मोबाईलमधलं ॲप त्याला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून काहीतरी नवीन ऐकवतंय. चार हातांवर गाणारी माणसं आहेत, पण ॲपला त्यांचा पत्ताच नाही.

असं का होतं? आणि श्रोता म्हणून तुम्ही त्यात काय करू शकता?

‘इंडी’ म्हणजे नेमकं काय?

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं छोटं रूप. चित्रपट कंपनी किंवा मोठं लेबल पाठीशी नसताना कलाकारानं स्वतःच्या हिमतीवर केलेलं संगीत म्हणजे इंडी. हा शब्द मुळात संगीत कसं तयार झालं ते सांगतो, कसं वाजतं ते नाही. पण आपल्याकडे इंडी म्हटलं की डोळ्यांसमोर गिटारच येते. त्यालाही कारण आहे. १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि धोबीतलावचं रंगभवन रॉकवाल्यांचं घर बनलं. ठाणे-डोंबिवलीच्या पोरांना नवा बँड ऐकायचा तर मुंबई गाठायची आणि परतताना शेवटच्या लोकलवर डोळा ठेवायचा, असा तो काळ होता.

पण व्याख्या नीट लावली तर या पट्ट्यातला सगळ्यात जुना ‘इंडी’ प्रकार आगरी-कोळी गाण्यांचा आहे. हळदीला बँजो पार्टी येते, गावातलाच कुणी गाणं लिहितो, गावातलाच कुणी गातो आणि व्हिडिओ थेट यूट्यूबवर चढतो. मोठ्या कंपनीची वाट कुणी बघत बसत नाही.

ॲपला ही गाणी का दिसत नाहीत?

स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं. अशा ॲप्सच्या शिफारशींमागचं एक मुख्य तत्त्व साधं आहे: ‘ज्यांनी हे ऐकलं, त्यांनी तेही ऐकलं.’ म्हणजे एखादं गाणं तुमच्यापर्यंत यायला ते आधी तुमच्यासारख्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं असावं लागतं. नव्या कलाकाराची गोची इथेच होते. ऐकणारे नाहीत म्हणून शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणून ऐकणारे नाहीत.

पैशाचं गणितही तसंच. स्पॉटिफायवर किमान ३० सेकंद ऐकलं तरच एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो. २०२४ पासून तर आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच मिळत नाही. मोठ्या गायकासाठी हजार हा किरकोळ आकडा. गल्लीतल्या बँडसाठी तोच उंबरठा असतो.

मग शोधायचं कुठे?

पहिली गोष्ट, शोधताना शब्द बदलून बघा. ‘आगरी’, ‘कोळीगीत’, ‘हळदी’ हे शब्द लोक रोमन लिपीत चार-चार प्रकारे लिहितात. एका स्पेलिंगवर न सापडलेलं गाणं दुसऱ्यावर सापडतं. देवनागरीतही टाकून बघा.

दुसरी, गाणं आवडलं की त्याखालची नावं वाचा. ढोलकी कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं? त्या नावांवरून पुढचं गाणं शोधा. ॲपपेक्षा हा रस्ता बऱ्याचदा जास्त लांब नेतो.

तिसरी, घराबाहेर पडा. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड, गुढीपाडव्याची शोभायात्रा, गावची जत्रा, शेजारची हळद. इथे गाणं आधी कानावर पडतं आणि नंतर मोबाईलमध्ये येतं.

‘पारंपरिक’ या शब्दात कोण हरवतं?

आगरी-कोळी लग्नांत धवलारीण असते. लग्नाच्या एकेका विधीला धवला गाणारी ही बाई. शेकडो ओळी तिला तोंडपाठ असतात. उद्या तिच्याकडून ऐकलेल्या चालीवर कुणी बीट चढवला, तर गाण्याखाली बहुतेक एकच शब्द येतो: ‘पारंपरिक’.

कायद्यात यालाच पळवाट सापडते. भारतात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. पण लोकगीताचा कर्ता माहीतच नसतो, त्यामुळे ते सगळ्यांचं आणि म्हणून कुणाचंच नाही. नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करणाऱ्याला मिळतो. धवलारिणीचा आवाजच वापरला असेल तर गोष्ट वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकाराला आपल्या सादरीकरणासोबत आपलं नाव यावं असा हक्क आहे. पण तो मागायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

वेगळं करता येतं याचंही उदाहरण आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप ग्रुपनं २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं आणलं. त्यात आरेच्या पाड्यातले आदिवासी कलाकार प्रकाश भोईर स्वतः गातात आणि श्रेयातही त्यांचं नाव आहे. ज्या १९४५ च्या वारली उठावाची आठवण हे नाव करून देतं, तो झाला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

‘लय भारी’च्या पुढे काय लिहायचं?

परीक्षण लिहायला राग-ताल कळायलाच हवा असं नाही. एवढं केलं तरी पुरे:

• तीन वेळा ऐका. एकदा इअरफोनवर, एकदा स्पीकरवर, एकदा फक्त शब्दांसाठी.

• ऐकू आलं तेच लिहा. ‘जबरदस्त व्हाइब’ म्हणण्यापेक्षा ‘दुसऱ्या कडव्यात बँजो थांबतो आणि फक्त ढोलकी उरते’ असं लिहिलं की वाचणारा गाणं उघडून बघतो.

• बोलीला अशुद्ध म्हणू नका. आगरीत ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. ती चूक नाही, ती भाषा आहे.

• खटकलं ते सांगा, कारणासकट. ऑटोट्यूनमुळे आवाजातला गावचा हेल गेला असेल तर तसं लिहा. गायक ओळखीचा असेल तर तेही लिहा.

• नावं द्या. गायक, गीतकार, वादक, गाव. नावं दिलेली नसतील तर कमेंटमध्ये विचारा.

हजार स्ट्रीमचा उंबरठा गाठू न शकलेल्या गाण्याला तुमच्या पाच ओळींनी लगेच पैसे मिळतील असं नाही. पण पुढच्या वेळी कुणी ते गाणं शोधेल तेव्हा ‘पारंपरिक’च्या जागी एखाद्या बाईचं नाव दिसेल. ते काम ॲप करत नाही, ऐकणाऱ्यालाच करावं लागतं.