वाढत्या अंगाचे जाकीट

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत. गणवेश तीन वर्षे पुरला पाहिजे! त्याला माझी ना नाही. पण हीच रीत आपण बोटीवर नेतो, तेव्हा राहवत नाही. तारकर्लीला किंवा तापोळ्याला बोटीत बसणारी कुटुंबे पाहावीत. सहा वर्षांच्या नातवाच्या अंगात बापाच्या मापाचे लाइफ जॅकेट, पट्टे लोंबताहेत, आणि आजोबा म्हणताहेत, ‘असू दे, मोठं आहे ते बरंच!’

बरे कसले? सैल जाकीट पाण्यात वर उचलले जाते आणि मूल त्यातून खाली निसटते. म्हणून पट्टे आवळून मुलाला हात वर करायला सांगावे आणि जाकीट खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. ते कानांशी आले, तर माप चुकले. लहानग्यांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे कॉलर हवीच.

बँकेत हयात गेल्यामुळे बारीक छापील मजकूर वाचायची मला खोड आहे. जाकिटाच्या आत किती किलोच्या माणसासाठी ते आहे हे लिहिलेले असते, आणि न्यूटनमध्ये एक आकडा. 50 चे जाकीट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असताना. 100 चे, म्हणजे सुमारे 10 किलोचा आधार देणारे, शांत पाण्यात बेशुद्ध माणसाला उताणे करण्यासाठी बनवलेले असते. पोहता न येणाऱ्याने निदान हे मागावे. खुल्या समुद्रासाठी 150 चे.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसे दगावली. अशा धडकेनंतर बाकाखालचे जाकीट शोधून, पट्टे लावायला सवड कुठली? ते धक्क्यावरच चढवलेले हवे. काहीजण तर जाकीट बुडाखाली घेऊन बसतात; त्याने आतला फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते.

उकडते, ही तक्रार मात्र खरी. फुगणारी पातळ जाकिटे मिळतात. पण त्यांतली वायूची नळी वेळोवेळी तपासावी लागते, आणि ती लहान मुलांसाठी नव्हेत. नातवाला फोमचेच घ्यावे, त्याच्या आजच्या वजनाचे. दोन वर्षांनी दुसरे घ्यावे लागेल.