‘मूळ भाग’ म्हणजे नेमके काय? अमेरिकन उघड्या मोटारींच्या जीर्णोद्धारातील कूटप्रश्न

प्रतिनिधी
देवणी : हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत देवणी बैल पारखणारा जाणकार आधी त्याच्या अंगावरील खुणा पाहतो. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू काळ्या असल्या तर वानेरा, जवळपास पूर्ण पांढरा असेल तर बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असले तर शेवरा, अशा तीन प्रकारांत हा गोवंश ओळखला जातो. विशेष म्हणजे ज्या देवणीचे मूळपण इतक्या काटेकोरपणे तपासले जाते, तो वंश मुळात गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून घडलेला आहे. मूळपण म्हणजे परक्या अंशाचा अभाव नव्हे. ज्या घडणीतून वस्तू तयार झाली, त्या घडणीशी असलेली निष्ठा होय.

हेच सूत्र जुन्या अमेरिकन मोटारींनाही लागू पडते. छप्पर दुमडून ठेवता येणाऱ्या, म्हणजेच ‘कन्व्हर्टिबल’ गाड्यांचा जीर्णोद्धार करताना ‘कारखान्याचे मूळ भागच वापरू’ असा निश्चय अनेक हौशी मालक करतात. निश्चय चांगला आहे. मात्र भारतात धावलेल्या गाडीच्या बाबतीत तो कारखाना कोणता, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

शिवडी आणि कुर्ला

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत आणि येथे त्यांची जुळणी होई. पुढे मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या कराराने 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. जे उत्पादक देशातच टप्प्याटप्प्याने निर्मिती करण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनाच वाव द्यावा, अशी शिफारस 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने केली. त्यानंतर जनरल मोटर्सने 1954 मध्ये येथील जुळणी थांबवली.

या इतिहासाचा सुट्या भागांशी थेट संबंध आहे. भारतासाठी जुळवलेल्या गाड्यांचे सुकाणू उजवीकडे असे, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्याच गाडीचे डावीकडे. त्यामुळे सुकाणूची पेटी, डॅशबोर्ड, पायाखालील पट्ट्यांची मांडणी आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या असतात. अमेरिकेतून मागवलेला डॅशबोर्ड शंभर टक्के अस्सल असला, तरी येथील गाडीत तो उपयोगी पडत नाही.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. क्रायस्लरने परदेशासाठी काढलेल्या डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या गाड्या प्रत्यक्षात प्लिमथच्याच सांगाड्यावर उभ्या होत्या. समोरची जाळी, नामपट्ट्या आणि शोभेच्या वस्तू तेवढ्या बदललेल्या असत. किंग्जवेच्या मालकाने अमेरिकेतील विक्रेत्याकडे ‘डॉज’चे दार मागवले, तर येणारे दार आकारानेच वेगळे निघते. मागणी प्लिमथच्या दाराची करावी लागते. गाडीच्या दर्शनी नावापेक्षा चॅसी क्रमांक आणि आतील पत्र्यावर ठोकलेली माहितीपट्टी अधिक विश्वासार्ह असते, ती याच कारणाने.

टूरर आणि कन्व्हर्टिबल

उघड्या दिसणाऱ्या दोन गाड्यांमध्येही भेद आहे. 1920च्या दशकातील ‘टूरर’ला खिडक्यांच्या काचा नसत; पाऊस आला की बाजूंना कापडी पडदे लावावे लागत. ‘कन्व्हर्टिबल’च्या दारांत मात्र खालीवर होणाऱ्या काचा असतात आणि छप्पर लावल्यावर ती बंद गाडीसारखी होते. जुन्या टूररला हौसेने काचेच्या खिडक्या बसवल्या, तर ती सुधारणा ठरत नाही. इतिहासाची मोडतोड ठरते. शेवरोलेसारख्या गाड्यांत 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे. तेथे पत्र्याआधी सुताराला बोलवावे लागते.

कन्व्हर्टिबलचे खरे दुखणे छप्पर नसण्यात आहे. बंद गाडीत छप्परही भार पेलते. ते काढले की गाडी मधोमध वाकू पाहते. म्हणून कारखान्यांनी अशा गाड्यांच्या चॅसीला फुलीच्या आकाराची आडवी जोड दिली. दुरुस्तीसाठी बॉडी चॅसीवरून उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटींत पोलादी पट्ट्यांचे तात्पुरते आधार वेल्डिंगने पक्के करावेच लागतात. ते केले नाहीत तर बॉडी खचते, नंतर एकही दार नीट लागत नाही आणि महागडे अस्सल भागही तो दोष झाकू शकत नाहीत.

छपराच्या यंत्रणेतही पिढ्या आहेत. आधी छप्पर हाताने ओढले जाई. प्लिमथने 1939 मध्ये इंजिनातील निर्वात दाबावर चालणारे छप्पर आणले. त्यानंतर विजेवरचा पंप आणि तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर आले. या यंत्रणेत अनेक वर्षे ब्रेकचेच तेल वापरले जात असे. ते हवेतील ओलावा शोषते, आतून गंज चढवते आणि गळले तर रंगही सोलून काढते. म्हणून बंद पडलेली यंत्रणा सुरू करून पाहण्याआधी ती पूर्ण उघडून साफ करणे श्रेयस्कर.

अस्सल भागाच्या खुणा

सुटे भाग तीन प्रकारचे असतात. पहिला, कारखान्याने त्या काळी बनवलेला पण कधीच न वापरलेला. व्यापारी त्याला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात. दुसरा, दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला मूळ भाग. आणि तिसरा, आज नव्याने घडवलेली प्रतिकृती. ओतीव लोखंडाच्या भागांवर साच्यातच उमटलेला क्रमांक असतो आणि अनेकदा ओतकामाची तारीखही सांकेतिक अक्षरांत असते. तो क्रमांक कंपनीच्या सुट्या भागांच्या सूचिपुस्तकाशी ताडून पाहावा लागतो. इंजिनाची तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर ते इंजिन नंतर बसवलेले आहे, हे उघडच होते.

लहानसहान बाबीही बोलक्या असतात. अमेरिकन गाड्यांच्या नटबोल्टांची मापे इंचात असतात. तेथे मिलिमीटरचा पाना चालवला की बोल्टचे कोपरे झिजतात. चकाकत्या भागांवर 1920च्या दशकाच्या अखेरपर्यंत निकेलचा मुलामा असे. क्रोमचा मुलामा त्यानंतर रुळला. त्यामुळे 1926 च्या गाडीचा दिवा क्रोमने झळकत असेल, तर तो झळाळ नंतरचा समजावा. मूळ रंग शोधायचा असल्यास बाहेरच्या पत्र्याकडे न पाहता डॅशबोर्डच्या मागे किंवा आसनाखाली पाहावे. तेथे दुसऱ्या रंगाचा हात सहसा फिरलेला नसतो.

विजेची जोडणी ही आणखी एक खूण. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्या 6 व्होल्टवर चालत. जनरल मोटर्सच्या शेवरोले गाड्या 1955 मध्ये आणि क्रायस्लरच्या 1956 मध्ये 12 व्होल्टवर आल्या. जुन्या प्लिमथमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सवयीने मेकॅनिकने ऋण टोक तेथे जोडले, तर गाडीतील विद्युतयंत्रणेला इजा होऊ शकते.

मूळ भाग कोठे टाळावा?

मूळ भागाचा आग्रह सर्वत्र धरणे मात्र धोक्याचे आहे. साठ-सत्तर वर्षे खोक्यात पडून राहिलेला ब्रेकचा रबरी वायसर दिसायला कोरा असला, तरी त्यातील लवचिकता संपलेली असते. पेट्रोल पंपाच्या पडद्याचे, नळ्यांचे आणि कापडी वेष्टनाच्या वायरींचेही तेच. त्यात इंधनही बदलले आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 मध्ये बंद झाली. ज्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक त्या शिशावर विसंबून होती, तेथे कठीण धातूची कडी बसवण्याचा विचार करावा लागतो. 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते. ब्रेक आणि इंधन या दोन ठिकाणी आजच्या दर्जाचे रबर वापरणे, हे मूळपणाशी केलेले वैर नाही. गाडी आणि माणूस दोन्ही सुरक्षित ठेवण्याचा तो मार्ग आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यांच्या कक्षेत येतात. वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे, ही मुख्य अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षांसाठी असते. पुनर्नोंदणीला 5,000 रुपये लागतात. नव्याने नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंद असलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही.

हौसेपोटी जुन्या सांगाड्यात आधुनिक डिझेल इंजिन बसवले, तर गाडी पळेल. पण ‘मूळ स्वरूप’ या अटीतून ती बाहेर पडेल. मराठवाड्यातील गाडीच्या बाबतीत कागदपत्रांचाही शोध सोपा नाही. देवणीचा परिसर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे येथील एखाद्या जुन्या मोटारीची पहिली नोंद लातूर किंवा मुंबईऐवजी हैदराबादच्या दप्तरात असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

येथील भागांचेही मोल

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ‘तुरीन सनद’ याबाबत मार्गदर्शक आहे. जपणूक आधी, जीर्णोद्धार नंतर; आणि नव्याने घातलेला भाग अभ्यासकाला ओळखता आला पाहिजे, असा तिचा आशय आहे. भारतीय गाड्यांसाठी हे तत्त्व विशेष मोलाचे ठरते. शिवडी वा कुर्ल्यात जुळवलेल्या गाडीवर येथील जुळणीची नामपट्टी असू शकते, एखादा भाग देशी बनावटीचा असू शकतो, पुढे एखाद्या कारागिराने लेथवर घडवलेली बुशिंगही असू शकते. अमेरिकन सूचिपुस्तकात ते सापडत नाही म्हणून भंगारात टाकले, तर गाडी अमेरिकेतील कोणत्याही गाडीसारखी दिसेल. पण ती कोठे जुळली, कोणत्या रस्त्यांवर धावली आणि कोणत्या हातांनी ती टिकवली, याचा पुरावा नाहीसा होईल.

म्हणून काम सुरू करताना तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. एकही बोल्ट सोडवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गाडीवरील प्रत्येक क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. आणि बदललेला प्रत्येक भाग, मग तो मोडका का असेना, चिठ्ठी लावून पेटीत जपावा. पंधरा-वीस वर्षांनी गाडी हाती घेणाऱ्या पुढच्या मालकाला त्या पेटीतूनच मूळ गाडीचा माग लागेल.