नत्र, काडी आणि ओंबी

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला 'सीसीसी' चांगलं ओळखीचं आहे. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ आटोक्यात राहावी, डोळ्यांत घड धरावा म्हणून ते फवारतात. २०१० मध्ये याच क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. मात्र या रसायनाचं मोठं शेत द्राक्षाचं नाही, गव्हाचं आहे. जर्मनी-इंग्लंडात ते १९६०च्या दशकापासून गव्हावर फवारलं जातं.

कारण नत्र. नत्र मिळालं की फुटवे वाढतात, पान रुंद आणि गर्द होतं, ओंब्यांची संख्या वाढते. पण दाट पिकात उन्हासाठी चढाओढ लागते, खालची पेरं लांब आणि पातळ होतात. दाणा भरत असताना वारा-पाऊस आला की पीक लोळतं. लोळलेला गहू उपटून पाहावा: काडी खालच्या पेरात मोडलेली किंवा दुमडलेली, ओंबीकडे जाणारा अन्नरस तुटलेला, दाणा चिपाड. नत्रावर केलेला खर्च असा मातीत जातो.

काडी उंच करणारं संप्रेरक जिबरेलिन. त्याचा माग भाताच्या एका रोगातून लागला. या रोगात रोपं भराभर उंच होऊन कोलमडतात. हे बुरशीच्या स्रावामुळे होतं, असं जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. सीसीसी झाडात हेच जिबरेलिन तयार होऊ देत नाही. नोरिन-१० या जपानी गव्हातून बोरलॉग यांच्या वाणांत आलेली बुटकेपणाची जनुकं जिबरेलिनला दादच देत नाहीत. आयआर-८ भातात ते मुळातच कमी तयार होतं. म्हणजे हरितक्रांतीचं बियाणं आणि फवारणीचं औषध, दोघांनीही एकाच संप्रेरकाला आवर घातला. आपले जुने उंच गहू जास्त नत्र दिलं की आडवे होत. बुटके वाण आले आणि मगच युरियाची मात्रा वाढवता आली.

मग बुटक्या गव्हावर फवारणी कशाला? युरोपात हेक्टरी दीडशे-दोनशे किलो नत्र देतात, तिथे बुटकी काडीही पुरत नाही. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेने लवकर पेरलेल्या, दीडपट खत दिलेल्या गव्हासाठी सीसीसी आणि टेब्युकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या सुचवल्या आहेत: पहिली कांडं धरताना, दुसरी शेवटचं पान निघताना. वेळ चुकली की पैसे वाया, कारण वाढून गेलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही. आणि पीक लोळणारच नसेल, तर उत्पादनातली वाढ किरकोळ असते. कधी घटही येते. सीसीसी दाणा घडवत नाही, नत्राने घडवलेला दाणा उभा ठेवतं. दुकानदार 'उत्पादन वाढवणारं औषध' म्हणून बाटली पुढे करतो, तेव्हा हा फरक विचारात घेतला पाहिजे.

महाराष्ट्रात बागायती गव्हाला शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्राची: निम्मं पेरणीला, निम्मं एकवीस दिवसांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी. सगळं युरियातून धरलं तरी ४५ किलोच्या सहा गोण्यांच्या आतच बसतं. पीक हिरवंगार दिसावं म्हणून पुढे दिलेली आणखी एक गोणी काडी कमकुवत करते, आणि तिची भरपाई औषधाने करायला निघणं हा दुहेरी खर्च आहे. या रब्बीत पंप हाती घेण्याआधी माती तपासा, दिलेल्या युरियाचा हिशेब मांडा आणि दाणे भरताना वारं सुटलं असेल तर पाणी देऊ नका.