किटलीची पलीकडची बाजू

चित्रकलेच्या तासाला वर्गाच्या मध्यभागी स्टुलावर एक किटली ठेवली जाते. शेजारी कप, फार तर एखादे फळ. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ती जशी दिसते तशी काढायची. महाराष्ट्रातील शाळांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत वस्तुचित्र हा विषय असतो आणि त्याचा सराव अनेक दिवस चालतो. जागा सोडायची नाही आणि जे दिसत नाही ते काढायचे नाही, हा त्यातला नियम. किटलीची तोटी आपल्या जागेवरून दिसत नसतानाही जो विद्यार्थी ती काढतो, त्याचे चित्र चुकीचे ठरते.

वास्तविक किटलीला तोटी असते हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, म्हणूनच तो ती काढतो. पाच-सहा वर्षांचे मूल टेबल काढते तेव्हा वरची फळी वरून पाहिल्यासारखी पूर्ण चौकोनी असते आणि चारही पाय चार दिशांना पसरलेले असतात. घर काढताना भिंतीआड बसलेली माणसेही ते दाखवते. बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांतील अशा टप्प्यांची सविस्तर मांडणी केली होती. पुढे नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास चित्र 'खऱ्यासारखे' दिसावे अशी ओढ मुलांना लागते. ते साधले नाही की 'मला चित्र येत नाही' असे म्हणून अनेक मुले रंगपेटी कायमची मिटवून ठेवतात. पाचवी ते आठवीच्या मुलांना क्युबिझमची, म्हणजेच घनवादाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नेमके येथे आहे.

'घनवाद' हे नाव मात्र थोडे फसवे आहे. १९०८ मध्ये जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराची निसर्गचित्रे पाहून समीक्षक लुई व्हॉसेल यांनी त्यात सारे काही घनाकृतींत बसवले असल्याचा शेरा मारला आणि तो या शैलीला चिकटला. ब्राक आणि पाब्लो पिकासो यांच्यापुढचा प्रश्न ठोकळ्यांचा नव्हता. एका जागी उभे राहून जे दिसते तेच चित्र, ही युरोपात कित्येक शतके रूढ असलेली समजूत त्यांना मोडायची होती. माणूस वस्तूभोवती फिरतो, ती हातात घेतो, तिच्या आत डोकावतो. मग चित्राने एकाच जागेला का बांधून घ्यावे?

या विचारातून १९०९ ते १९११ या काळात झालेली चित्रे करड्या-तपकिरी रंगांची आणि मोठ्यांनाही अवघड जाणारी आहेत. मुलांना तेथून सुरुवात करून देणे व्यर्थ. त्यांना सोयीचे वर्ष म्हणजे १९१२. त्या वर्षी पिकासोने एका लंबवर्तुळाकृती चित्रात खुर्चीची वेताची वीण रंगवली नाही. तशी वीण छापलेले मेणकापड त्याने सरळ चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद विकत आणला, त्याच्या पट्ट्या कापून चिकटवल्या आणि वरून कोळशाने फळांचे तबक आणि पेला रेखाटला. चिकटवणे या अर्थाच्या 'कोले' या फ्रेंच क्रियापदावरून 'कोलाज' हा शब्द आला. पुढे पिकासोने वर्तमानपत्राच्या कात्रणांचा सपाटा लावला. त्यांपैकी काही कात्रणांत तेव्हा सुरू असलेल्या बाल्कन युद्धाच्या बातम्या आजही वाचता येतात.

या चित्रांतील सामान लक्षात घेण्याजोगे आहे. पेला, बाटली, वर्तमानपत्र, गिटार. पॅरिसच्या कॅफेतील टेबलावर जे असे, तेच चित्रात आले. वाशी किंवा नेरूळच्या शाळेत तेच पॅरिसचे टेबल मांडण्याचे कारण नाही. चहाचा ग्लास, किटली, सकाळचे वर्तमानपत्र आणि संगीताच्या वर्गातून आणलेली पेटी एवढे पुरेसे आहे. साहित्यही घरातच असते. रद्दी, जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची पाने, वह्यांना घालायचा खाकी कागद, खोक्याचा पन्हळी पुठ्ठा आणि मैद्याची खळ.

दोन तासिका जोडून मिळाल्या तर काम नीट होते. पहिल्या तासात कात्रीला हात लावू द्यायचा नाही. मुलांनी किटलीभोवती फिरायचे आणि चार जागांवरून चार साधी बाह्यरेखाचित्रे काढायची: समोरून, बाजूने, उभे राहून वरून, आणि झाकण उघडून आत डोकावून. वरून पाहिली की किटली वर्तुळ होते, हा शोध बहुतेकांना नवा असतो. दुसऱ्या तासात हे आकार वेगवेगळ्या कागदांतून कापायचे आणि जाड कागदावर मांडून पाहायचे. समोरच्या किटलीवर वरचे वर्तुळ, त्याला छेदणारी मूठ, मागे वर्तमानपत्राची पट्टी. मांडणी तीन-चार वेळा बदलल्याशिवाय खळ लावायची नाही. जेथे एक आकार दुसऱ्यावर येतो तेथे कोणता पुढे आणि कोणता मागे, हे मुद्दाम संदिग्ध ठेवता येते. सर्वांत शेवटी कोळशाच्या किंवा काळ्या खडूच्या मोजक्या रेषा.

या वेळी शिक्षकांनी 'हे काय काढले आहेस?' असे विचारू नये. 'हा तुकडा कुठून पाहिलास?' असे विचारावे. उत्तर देता आले तर मुलाला घनवाद कळला. नाही आले तर उरते ती केवळ कापाकापी. एखाद्या छायाचित्राचे तुकडे करून ते उलटसुलट चिकटवणे किंवा छापील तक्त्यावरून दोन डोळे एकाच बाजूला असलेला 'पिकासोचा चेहरा' रंगवून घेणे, हे प्रकार दिसायला आकर्षक असले तरी त्यांत पाहण्याची कृतीच गळून पडते. एका साच्याऐवजी दुसरा साचा, एवढाच त्यातला फरक.

एकाच चित्रात अनेक बाजू दाखवण्याची कल्पना परकी वाटू नये, यासाठी वारली चित्र समोर ठेवावे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, ही कला शहरातील मुलांनी भिंतींवर आणि भेटकार्डांवर पाहिलेली असते. तारपा नृत्याच्या चित्रात नाचणाऱ्यांचे वेटोळे आकाशातून पाहिल्यासारखे दिसते, पण नाचणारी माणसे मात्र बाजूने पाहिलेली असतात. हा घनवाद नव्हे. त्या परंपरेची मुळे अगदी निराळी आहेत. मात्र एका नजरेत बांधून न घेताही चित्र सुसंगत होते, हे त्यातून मुलांना चटकन पटते. भारतीय चित्रकारांपैकी गगनेंद्रनाथ टागोर यांनी १९२० च्या दशकात कोलकात्यात घनवादाचा स्वतःच्या पद्धतीने वापर केला होता, हेही मोठ्या मुलांना सांगता येईल.

नवी मुंबईतील शाळांना आणखी एक सोय आहे. सीबीडी बेलापूरमधील आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी रचली. सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण आणि त्याभोवती सात घरे, असा तिचा मूळ घटक आहे. उतरती छपरे, पांढऱ्या भिंती आणि मधल्या मोकळ्या जागा अशी मूळ रचना होती. आता रहिवाशांनी कित्येक घरे वाढवली किंवा बदलली आहेत, त्यामुळे शेजारशेजारची दोन घरेही सारखी दिसत नाहीत. रहिवाशांची गैरसोय होणार नाही अशा बेताने वर्गाने येथे तासभर फिरावे. प्रत्येकाने एकच घर निवडावे, त्याच्या तीन बाजू टिपाव्यात आणि परतल्यावर खाकी कागद व पुठ्ठ्यातून त्या एकाच चित्रात आणाव्यात. वास्तुविशारद घराचा वरून दिसणारा आराखडा आणि समोरून दिसणारे रूप वेगवेगळ्या कागदांवर काढतो. मुलांच्या कोलाजात ही दोन्ही एकमेकांवर येतात आणि छपराचा त्रिकोण अंगणाच्या चौकोनात घुसतो.

रेखाकला परीक्षेच्या तयारीत याने गोंधळ होईल, अशी शंका पालक आणि काही कलाशिक्षकही घेतात. ती अगदीच निराधार नाही. परीक्षेच्या तोंडावर हा प्रयोग केल्यास मुले वस्तुचित्रातही तोटी नको तेथे काढतील. म्हणून परीक्षा संपल्यानंतरचे आठवडे यासाठी राखावेत. तेव्हा गुणांची घाई नसते, आणि खळ वाळायला एक रात्र द्यावी लागते.