शाळेतील भेदभाव ‘निरंक’ कसा?

आम्ही पेशाने लिपिक. आवक-जावकच्या नोंदवह्यांत आयुष्याची वीस-बावीस वर्षे गेली. आमच्या या नोकरीत एक शब्द फार चालतो, तो म्हणजे ‘निरंक’. वरून विवरणपत्र येते. आपल्याकडे जातीय भेदभावाचा प्रकार घडला आहे काय? घडला असल्यास तपशील द्यावा. समोरच्या रकान्यात आम्ही ‘निरंक’ लिहितो, साहेब सही करतात, शिक्का बसतो आणि कागद पुढे जातो. असे कागद आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेले आहेत. त्यातला एकही लिहिण्यापूर्वी आम्ही कोणाला काही विचारले होते, असे मात्र आठवत नाही.

महाडच्या माणसाने तरी या शब्दावर विसंबू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला आणि सरकारी व सार्वजनिक खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने स्वतःचा ठराव करून चवदार तळेही खुले केले. त्या वेळी कोणी विवरणपत्र धाडले असते तर ‘तळे सर्वांस खुले आहे, तक्रार निरंक’ असेच उत्तर गेले असते. कागदापुरते ते खोटेही ठरले नसते. प्रत्यक्षात आपला एकही माणूस तळ्यावर फिरकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या ठरावाची खरी किंमत कळली. परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली, १०८ मडकी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. हा इतिहास वाचकांना तोंडपाठ आहे. आम्ही तो पुन्हा मांडला तो एवढ्यासाठीच की, ठराव आणि वहिवाट यांच्यामधली फट कागदावर दिसत नाही, हे आपल्या तालुक्याने सगळ्यांच्या आधी पाहिलेले आहे.

शाळेचेही तेच. १९२७ च्या त्या परिषदेची जुळवाजुळव करणारे दासगावचे आर. बी. मोरे शिष्यवृत्ती मिळविण्याइतके हुशार विद्यार्थी होते, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना आधी प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रात पत्र छापून आल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायची जागा इतरांपासून निराळी. पटावर नाव चढले, त्या पटावरून मुलगा कुठे बसतो हे कसे कळणार? ते आज आपल्याला कळते, कारण मोऱ्यांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या.

बाबासाहेबांनी हेच केले. अर्थशास्त्रातील एवढा मोठा विद्वान, आकडे ज्याच्या बोटांवर नाचत. पण अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या देशातील माणसाला समजावून द्यायचे ठरविले तेव्हा त्यांनी तक्ते मांडले नाहीत. प्रसंग सांगितले. १९३५ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये साताऱ्याच्या शाळेतील त्यांचे ते गोणपाट आहे, जे ते बसायला घरून नेत आणि घरी परत आणीत, कारण शाळेचा गडी त्याला हात लावीत नसे. त्यात नळही आहे. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई हजर नसेल तर तहान. सर्वसाधारण वर्णन करण्यापेक्षा एकेक घडलेली हकीकत सांगणे जास्त परिणामकारक, असा विचार त्यांनी तिथेच सुरुवातीला मांडला आहे.

शिक्षणशास्त्राचे लोक आता याला ‘गुणात्मक संशोधन’ म्हणतात. किती जणांना त्रास झाला हे मोजण्याऐवजी त्रास कसा होतो, कोणत्या वेळी, कोणाच्या तोंडून, हे माणसांजवळ बसून ऐकायचे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवायचे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ताळेबंद जुळला की आमच्या जिवाला बरे वाटते. तेव्हा अशा ऐकीव गोष्टींना पुरावा म्हणायचे का, ही शंका आम्हालाही होती.

ती शंका आमच्या आईने घालविली. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर ती १९६० नंतरच्या काळात चौथीपर्यंत शिकली. आम्ही वही घेऊन बसलो आणि सरळ विचारले, “आई, शाळेत तुम्हाला वेगळं बसवायचे का?” ती म्हणाली, “नाय रे बाबा, तसं काय नव्हतं. गुरुजी चांगले होते.” झाले, निरंक! आम्ही वही मिटली. मग पावसाच्या गोष्टी निघाल्या, वहाळ ओलांडून जायचे, इरलं भिजायचे, पाटी फुटायची. बोलता बोलता ती म्हणाली, “पाणी तेवढं वरून घालायचे. ओंजळीत. मोठ्या पोरीची वाट बघत बसायचं.” आम्ही म्हटले, मग मघाशी तू नाही का म्हणालीस? त्यावर तिचे उत्तर, “त्यात काय सांगायचं? तसंच असायचं.”

साठ वर्षे एक गोष्ट मनात राहिली आणि ती ‘सांगण्यासारखी’ आहे हेच माहीत नव्हते. आमच्या स्वतःच्या बाबतीत तरी दुसरे काय झाले? शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात पुकारा व्हायचा, “सवलतवाले उभे राहा.” आम्ही उभे राहायचो, मागच्या बाकावरून हसू ऐकू यायचे. हे १९९० नंतरचे. कोणी अपशब्द काढला नाही, कोणी मारले नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार?

तेव्हापासून आम्ही तीन-चार कार्यकर्ते रविवारी सवड मिळेल तसे महाड-पोलादपुरातल्या वाड्यांवर जातो. हे विद्यापीठाचे संशोधन नव्हे आणि तसा आव आम्ही आणीत नाही. पण ऐकण्याचीही एक रीत असते, ती चुका करीत शिकलो. ‘भेदभाव होतो का?’ हा प्रश्न आता आम्ही विचारीत नाही. ‘पहिल्या घंटेपासून घरी येईपर्यंतचा कालचा दिवस सांग’ एवढेच म्हणतो. पाणी कोण भरते, झाडू कोण मारते, खिचडी वाढायला कोण असते, स्नेहसंमेलनात कोणाला कोणते काम मिळते, मैत्रीण घरी नेते तेव्हा पडवीपर्यंत की आतपर्यंत, हे मग आपोआप येते. आई-बापांना थोडे लांब बसवावे लागते, कारण मूल बोलू लागले की ते मध्येच “तसं नाय हो साहेब” म्हणतात. मुलाचे वाक्य आहे तसे लिहायचे, शुद्ध करायचे नाही. शेवटी त्याला वाचून दाखवायचे. पुष्कळदा वाचून दाखविल्यावरच खरी गोष्ट निघते.

सातवीतल्या एका मुलीने असाच दिवस सांगितला. तक्रार तिची काहीच नव्हती. बोलता बोलता कळले की वर्गाच्या भिंतीवर कामाच्या पाळ्यांचा तक्ता आहे आणि आपल्या वाडीतल्या दोन्ही मुलींची नावे झाडलोटीत येतात, पाण्याच्या पिंपाच्या पाळीत येत नाहीत. आम्ही गुरुजींना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, तक्ता बघू या म्हणालो. गुरुजी भले माणूस. तक्ता वर्गप्रमुख मुलाने केला होता, त्यांनी फक्त सही केली होती. दोन महिन्यांचे तक्ते त्यांनी स्वतः कपाटातून काढले, बोट फिरवून बघितले आणि काही वेळ बोललेच नाहीत. सोमवारी नवा तक्ता लागला.

इथे हा लेख संपविता आला असता तर बरे झाले असते. पण पुढच्या खेपेस ती मुलगी आमच्याशी बोलेना. वर्गात तिला ‘तक्रारवाली’ म्हणू लागले होते. सात-आठ मुलांचा वर्ग, नाव गाळून काय उपयोग? कोणी सांगितले हे साऱ्या गावाला कळते. मोठ्या शहरातला संशोधक ‘एक विद्यार्थिनी’ असे लिहून मोकळा होतो, आम्हाला तिच्या घरावरूनच एस.टी.ला जावे लागते. आता आम्ही तीन-चार शाळांतल्या गोष्टी एकत्र झाल्याशिवाय कोणाकडे विषय काढीत नाही. त्यात वेळ जातो, आणि दरम्यान एखादे पोर सोसत असते, हेही आम्हाला दिसते. यावर तोड आम्हाला सापडलेली नाही.

अशा ऐकलेल्या गोष्टींना वजन असते काय? अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींनी लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून साधे प्रश्न विचारले. चांगली कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी कोणती? पुष्कळ काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली, आणि शेवटच्या प्रश्नाला काही रडू लागली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या तेव्हा या कामाचाही आधार घेतला होता. आपल्याकडे २००६ साली प्रा. घनश्याम शहा, डॉ. सुखदेव थोरात आदींनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ३८ टक्के गावांत शासकीय शाळेतील दलित मुलांना जेवताना वेगळे बसवीत असल्याचे आढळले. लगेच पुढे, २००७ साली, थोरात समितीने दिल्लीच्या ‘एम्स’ या वैद्यकीय संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विचारून अहवाल दिला. वसतिगृहात, जेवणघरात, तोंडी परीक्षेत काय होते ते त्या मुलांच्या बोलण्यातून बाहेर आले. डॉक्टर होणारी मुलेही आमच्या आईसारखी कोणी विचारीपर्यंत गप्प होती.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. लिहावी असे ठरले. एका वाडीवर आम्ही आपल्या मुलांना ‘कालचा दिवस’ विचारीत होतो. बाजूच्या कातकरी वाडीतली एक बाई मोळी घेऊन चालली होती, ती थांबून ऐकत राहिली. नंतर म्हणाली, “आमच्या पोराला पन इचारा. तुमची पोरं त्याच्या बाजूला बसत नाय.” कोणी काही बोलले नाही. आमच्यातल्या एकाने “अहो, ती पोरं आंघोळ करून येत नाहीत” असे म्हणायला तोंड उघडले आणि स्वतःच मिटले. आपल्या आजोबांना नेमके हेच सांगून बाहेर बसविले होते.

त्या मुलाकडे गेलो तेव्हा झोपडीला काटी लावलेली होती. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात, मुलेही बरोबर जातात, आणि हजेरीपटावर त्याचे कारण एका शब्दात येते, ‘स्थलांतरित’. पावसाच्या तोंडावर माणसे परत येतात. वहीतली त्याची पाने आम्ही कोरी ठेवली आहेत. शाळा उघडायच्या आत जाऊन यायचे आहे आणि या वेळी आपल्या वाडीतली दोन मुलेही बरोबर घेऊन जाणार आहोत, ऐकायला.